मांजराची निगा: ब्रश हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

झिपऱ्या घरी आला तेव्हा चार महिन्यांचा होता. अंगावर केस इतके, की मांजर नेमकं कुठे सुरू होतं ते शोधावं लागायचं. मी उत्साहाने सात वस्तूंचा संच आणला: तीन ब्रश, एक फणी, कात्री, नखं कापायचं यंत्र आणि आजतागायत उपयोग न कळलेलं एक हत्यार. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी त्याला मांडीत दाबून धरलं आणि काखेतली गाठ सोडवायला बसले. वीस मिनिटं खपले. गाठ सुटली नाही, माझ्या मनगटावर चार ओरखडे उठले, आणि पुढचा महिनाभर मी खुर्चीत बसले की हा खोलीतून निघून जायचा.

मग चक्र सुरू झालं. हात लावू देईना म्हणून गाठी वाढल्या, गाठी वाढल्या म्हणून कातडी ओढली जाऊन दुखायला लागलं, दुखतं म्हणून आणखी हात लावू देईना. शेवटी व्हेटकडे भूल देऊन पोटाखालचे केस मशीनने काढावे लागले. ते सुटे निघालेच नाहीत. घोंगडीचा तुकडा सोलावा तसा एक अखंड थर निघाला.

पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे, थोडं झिपऱ्याकडून आणि थोडं नंतर आलेल्या आखूड केसांच्या भुरीकडून. एक नियम मात्र प्रत्येक पायरीला लागू आहे, तो आधीच सांगते: मांजर कंटाळून उठायच्या आत आपण उठायचं.

१. सामान: कमी आणा

एवढं पुरतं:

- रबरी दातांचा मऊ ब्रश (आखूड केसांच्या मांजराला बहुतेक वेळा हा एकच लागतो)
- धातूची फणी, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली
- लांब केस असतील तर बारीक तारांचा ब्रश
- मांजरांसाठीचं नेलकटर
- कापसाचे बोळे आणि स्वच्छ जाळीदार कापड
- रक्त थांबवायची पावडर. नसेल तर कॉर्नफ्लोअर
- मांजरांची टूथपेस्ट आणि छोटा मऊ ब्रश
- एक जाडसर मोठा टॉवेल
- वाहून न्यायची पेटी, म्हणजे कॅरियर
- एक वही. हिच्यात लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, वजन, आणि व्हेटचा व रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर

आणू नये अशाही गोष्टी आहेत. माणसांचा शाम्पू नको. कानात घालायच्या काड्या नकोत. कात्री तर मी घरातल्या त्या कप्प्यातूनच काढून टाकली, कारण पुढे येईल. पात्याचा, केस 'उपसून' काढणारा ब्रश जपून वापरा. त्याने ढीगभर केस निघतात आणि आपल्याला फार काम केल्याचा आनंद होतो, पण जोर लावून रोज फिरवला तर चांगले केस तुटतात आणि कातडी खरवडली जाते.

कॅरियर कपाटावर ठेवू नका. तो जमिनीवर, दार उघडं, आत जुनं पांघरूण, असा कायम पडू द्या. फक्त दवाखान्यात जायच्या दिवशी बाहेर निघणारी पेटी मांजराला लगेच ओळखू येते, आणि मग ते पलंगाखालच्या अगदी मधोमध जाऊन बसतं, जिथे कुठल्याच बाजूने हात पोचत नाही.

२. पहिले दोन आठवडे: नुसता हात

ब्रश कपाटात राहू दे. मांजर खाऊन-पिऊन सुस्तावलं असेल तेव्हा शेजारी बसा आणि हनुवटी, गाल, कानांच्या बुडाशी खाजवा. या जागांवर गंधग्रंथी असतात. मांजर स्वतःहून दारांच्या कडांना आणि आपल्या पायांना तोंड घासतं ते याच भागाने. म्हणून ओळख तिथून सुरू करायची. पोट सगळ्यात शेवटी. मांजर उताणं लोळलं म्हणजे पोट कुरवाळायला बोलावतंय असं नाही, हे बहुतेक नवखे रक्त निघाल्यावर शिकतात.

मग हळूहळू पाठ, शेपटीचं बूड, पाय. पाय हातात घ्यायचा, सोडायचा, खाऊचा एक तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी पाय घ्यायचा, पंजाखालची मऊ गादी हलकेच दाबायची, नख बाहेर येतं ते बघायचं, सोडायचं, पुन्हा खाऊ. कान उलटून बघा. ओठ वर करून दात बघा. प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या वर नाही.

थांबायचं कधी हे मांजर सांगतं, फक्त ओरडून सांगत नाही. शेपटीचं टोक फटफट हलायला लागतं. पाठीवरची कातडी थरथरते. कान बाजूला वळतात, बाहुल्या मोठ्या होतात, घरघर मध्येच बंद पडते, मान वळून आपल्या हाताकडे बघितलं जातं. यातलं पहिलं चिन्ह दिसलं की हात काढायचा. पाचवं दिसेपर्यंत थांबलात तर सहावं दात असतो.

मानेची कातडी धरून उचलायचं नाही. आई पिल्लाला तसं धरते, पण ते काही दिवसांचं, मूठभर वजनाचं पिल्लू असतं. मोठं मांजर त्या पकडीत गप्प होतं ते घाबरून.

आणि चावलंच तर? मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम बाहेरून टिंबाएवढी दिसते आणि जंतू खोल जातात. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लसीचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

३. विंचरणं

मांजर स्वतःला दिवसभर चाटत असतं, मग आपण कशाला? कारण त्याच्या जिभेची रचना. जिभेवर नखं ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिनचे शेकडो बारीक काटे असतात, घशाच्या दिशेने वळलेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की या काट्यांची टोकं पोकळ पन्हाळीसारखी असतात. त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. म्हणजे फणी आणि स्पंज एकाच अवयवात. पण काटे आत वळलेले असल्याने अडकलेला केस मांजराला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. आपण ब्रशने जितके केस काढू तितके त्याच्या पोटात कमी जातात.

आखूड केसांना आठवड्यातून एकदा-दोनदा, लांब केसांना रोज. रोज म्हणजे रोज पाच मिनिटं. आठवडाभराची पस्तीस मिनिटं एकत्र करून चालत नाही.

केस वाढतात त्या दिशेने, मानेकडून शेपटीकडे जा. पाठ आवडते म्हणून सगळे पाठच विंचरतात आणि ती चकचकीत होते. गाठी होतात त्या मात्र कानांच्या मागे, काखेत, जांघेत आणि मागच्या पायांच्या चड्डीसारख्या झुपक्यात. मी त्यामुळे एक जागा ठरवून घेते: आज डावी काख, उद्या उजवी. पाठ शेवटी, बक्षीस म्हणून.

गाठ सापडली तर हिसका द्यायचा नाही. दोन बोटांनी गाठीचं मूळ, कातडीच्या लगत, चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या बोटांना बसते. वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी गाठ आडवी फाडून तिचे दोन-तीन भाग करा, आणि मग फणीच्या विरळ दातांनी टोकाकडून मुळाकडे सरका. टोकाची चार-दोन केसं सुटली, की आणखी थोडं आत. सुटत नसेल तर सोडून द्या, उद्या बघू.

आता कात्री. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ वर ओढली की कातडी तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते, आणि केसांत ती दिसत नाही. आपण गाठ कापतोय असं वाटत असतं आणि कातडी कापली जाते, टाके घालावे लागतात. म्हणून कात्री नाहीच. कातडीला चिकटून बसलेल्या गाठी व्हेटकडे मशीननेच काढायच्या. बाहेर उकडतंय म्हणून अख्खं मांजर भादरून घेऊ नका. केस त्याला उन्हापासूनही वाचवतात.

केसांचा गोळा कधीतरी उलटून पडतो, ते चालायचंच. वारंवार होत असेल, खाणं बंद झालं असेल किंवा शी होत नसेल, तर दाखवा. आणखी एक फसवी गोष्ट: मांजर जमिनीलगत दबून, मान लांब करून खाकरतं, पण बाहेर काहीच पडत नाही. आपण म्हणतो 'केस अडकला असेल'. असं पुन्हा पुन्हा झालं तर तो दमा असू शकतो. फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर मांजर ते कधीच करून दाखवत नाही.

४. नखं

पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण १८. सगळी एका बैठकीत कापायची असतात असं कुठेही लिहिलेलं नाही. भुरीची मी रात्री दोन कापते. नवव्या रात्री काम संपतं आणि तिला कळतही नाही की काही चाललंय.

पंजा हातात, अंगठा वर, तर्जनी गादीखाली, हलका दाब. नख बाहेर येतं. उजेडात धरलं तर आत गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. तो सोडून पुढचं पांढरं, आकड्यासारखं वळलेलं टोक तेवढं कापायचं. काळी नखं असतील तर फक्त अणकुचीदार टोक. रक्त आलंच तर पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटं धरा आणि त्या दिवशीचं दुकान बंद करा.

पुढच्या पायाला आतल्या बाजूने, थोडं वर, अंगठ्यासारखं नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही आणि आपल्या नजरेतून सुटतं. म्हाताऱ्या मांजरांत ते गोल वाढत गादीत रुतलेलं सापडतं. दर दोन-तीन आठवड्यांनी तेवढं तरी बघाच.

सोफ्याखाली नखाची पोकळ टरफलं सापडली तर घाबरू नका. जुना थर गळतो आणि खालून नवं धारदार नख निघतं. ओरबाडायला जो खांब द्याल तो मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच आणि न डगमगणारा हवा. डगमगणारा खांब एकदाच वापरला जातो, मग सोफा. यावर उपाय म्हणून नखं कायमची काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर लक्षात घ्या: त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापतात. कित्येक देशांत त्यावर बंदी आहे.

५. आंघोळ

शक्यतो नको. निरोगी मांजराला ती लागत नाही. अंगावर तेल, रंग, रसायन सांडलं तर मात्र लगेच घालावी लागते, कारण अंगावरचं सगळं चाटून पोटात जाणार. आधी विंचरा, गाठ भिजली की आवळते. टबात तळाला टॉवेल, म्हणजे पाय घसरणार नाहीत. कोमट पाणी चार बोटं, तांब्याने मानेच्या खाली ओतायचं, तोंडावर नाही. मांजरांचाच शाम्पू, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुणं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून टिपायचं.

लिलीची फुलं घरात आणू नका. परागकण केसांवर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शंका आली तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

६. डोळे, कान, दात

डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण ओल्या कापसाने, आतून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. चपट्या तोंडाच्या जातींना हे रोज लागतं. डोळा अर्धवट मिटलेला असेल तर घरगुती उपाय करू नका.

कान आतून फिकट गुलाबी आणि जवळजवळ कोरडा असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट भुगा आणि सतत खाजवणं म्हणजे बहुधा कानातले किडे; औषध व्हेट देतील. काडी घातली तर भुगा आणखी आत जातो.

दातांबद्दल मी स्वतः बराच काळ आळशीपणा केला आणि तो मला महागात पडला. मोठ्या मांजराला ३० दात असतात, आणि हिरड्यांचे आजार इतके सर्रास आहेत की तोंडाला वास येतो ते लोकांना मांजराचा स्वभावच वाटतो. पहिला आठवडा बोटावर पेस्ट लावून नुसती चाटू द्या. पुढे तेच बोट ओठाच्या आत, मग कापड गुंडाळलेलं बोट, मग ब्रश. फक्त दातांची बाहेरची बाजू घासायची; आतली बाजू जीभ सांभाळते. आपली टूथपेस्ट चालत नाही, कारण मांजर ती थुंकणार नाही.

७. पिसवा, आणि सगळ्यात घातक चूक

दाट दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा. काळी कणी निघाली तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कडेने तांबूस डाग पसरला तर ती माती नाही. पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

इथे घाईने घरातल्या कुत्र्याचं औषध मांजराच्या मानेवर टाकू नका. कुत्र्यांच्या अनेक थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते नीट मोडून काढू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. 'छोटं कुत्रं म्हणजे मांजरच' हा हिशेब इथे लागू नाही. कुत्र्याला ते लावलं असेल तर सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. टी-ट्री तेलही नको, आणि ताप-दुखण्यावर माणसांची गोळी तर नकोच: पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

व्हेटने वजनाप्रमाणे दिलेलं औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी द्यायचं आणि किमान तीन महिने चालू ठेवायचं. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष मांजरावर नसून गालिचात, फटीत, पांघरुणात असतात, आणि कोष कित्येक महिने टिकून राहतात. पांघरुणं गरम पाण्याने धुवा, झाडलोट कोपऱ्यांतून करा. चाटताना पिसू गिळली गेली की पट्टकृमी होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तेच.

८. लिटर बॉक्स

मांजरं जितकी, शी-शूच्या या पेट्या त्याहून एक जास्त. खाण्यापासून दूर, वास नसलेलं लिटर (पेटीत भरायची माती), रोज उपसणं. गर्भवती बाईने ते काम दुसऱ्यावर सोपवावं: मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. तो परजीवी शी पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून रोजच्या रोज उपसण्याला इतकं महत्त्व.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. बोका वारंवार बॉक्समध्ये बसतोय, कुंथतोय, आणि लघवी थेंबभर किंवा काहीच नाही, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजतात.

९. आठवड्यातून एकदा, वहीसकट

विंचरताना हात सगळ्या अंगावरून जातोच, तर लक्ष देऊन जाऊ द्या. कातडीतली नवी गाठ, खपली, केस गेलेला वाटोळा चट्टा. हा चट्टा गजकर्ण असू शकतो, आणि ते आपल्यालाही लागतं. पोटावरचे केस दोन्हीकडे सारखेच विरळ झाले असतील तर मांजर जास्त चाटतंय: पिसवा, अ‍ॅलर्जी, मूत्राशयाचं दुखणं किंवा ताण. उलट, नीटनेटकं मांजर अचानक कळकट दिसायला लागलं तर सांधे किंवा तोंड दुखत असेल, किंवा ते इतकं जाड झालंय की पाठीपर्यंत जीभ पोचत नाही.

झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या आत हवेत. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, किंवा पूर्ण दिवस काहीच न खाणं, या दोन्हीला फोन लगेच. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून ते आणखी आजारी पडतं.

वजनासाठी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा, आणि वजाबाकी वहीत लिहा. झिपऱ्याचं वजन सलग चार आठवडे थोडं थोडं उतरताना मला वहीतच दिसलं. तो खात होता, खेळत होता, नुसतं बघून काही कळलं नसतं. व्हेटने ओठ वर केला आणि मागची एक दाढ दाखवली. ती काढून आणल्यावर चौथ्या दिवशी तो खिडकीत बसून शेपूट दोन पंजांत धरून टोकापर्यंत चाटत होता. त्याला तसं करताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायला मी वही मागे उलटत गेले, पण ते मी लिहिलंच नव्हतं. आता तोही एक रकाना आहे.